आवाज पोचला, बातमी अडली

भाईंदर स्टेशनातून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा येतं, पुढे राई, मोर्वा. मीठ आणि भात पिकवून जगलेल्या आगरी माणसांचा हा पट्टा. दुसऱ्या महायुद्धाची आघाडी इथून शेकडो मैल लांब होती. तरी ते युद्ध इथल्यासारख्या गावांपर्यंत आलं. खिशातल्या नाण्यातून आलं, ताटातल्या भातातून आलं आणि दाबून ठेवलेल्या बातमीतूनही आलं.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. इथल्या एकाही लोकनियुक्त प्रतिनिधीला त्यांनी विचारलं नव्हतं. त्याच्या निषेधात त्याच वर्षी मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. भारत संरक्षण कायद्याने वर्तमानपत्रं आणि सभा सरकारच्या मुठीत गेल्या.

१९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि एक रुपयाची कागदी नोट निघाली. १९४३ चा पैसा तर मधोमध भोक पाडूनच आला. तांबं वाचवायचं होतं. आधीच्या पैशावर राजाचा चेहरा असे. या कड्यावर जागाच नव्हती, तेव्हा चेहरा गेला आणि मुकुट तेवढा राहिला. साम्राज्याची ओढाताण लोकांना त्या भोकातून दिसत होती. कुठल्याही पत्रकात ती छापलेली नव्हती.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. मुंबई आणि कोकणपट्टी भात खाणारी, त्यामुळे झळ थेट चुलीला लागली. मे १९४३ पासून मुंबईत धान्याचं रेशनिंग आलं. रेशनकार्ड, कंट्रोलचा भाव, काळाबाजार हे शब्द बायकांच्या रोजच्या बोलण्यात आले. सरकार ‘अधिक धान्य पिकवा’ असा प्रचार करत होतं. सिनेमागृहांना युद्धाची वृत्तचित्रं दाखवणं सक्तीचं झालं, आणि कच्च्या फिल्मच्या टंचाईमुळे खुद्द चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली गेली. त्या वृत्तचित्रांत विजय असे, रेशनच्या रांगेत उभी बाई नसे.

खऱ्या बातमीसाठी लोकांनी पर्याय शोधले. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. वर्तमानपत्रांना छापता न येणाऱ्या स्वातंत्र्य चळवळीच्या बातम्या त्यावरून येत. नोव्हेंबरात पोलिसांनी तो पकडला.

मग १४ एप्रिल १९४४ उजाडला. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि कापसाच्या गासड्या एकाच जहाजात भरलेल्या होत्या. अर्ध्या तासात दुसरा स्फोट झाला. मृतांचे अंदाज आठशे ते तेराशे असे आहेत. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. आधीच तुटवडा, त्यात पन्नास हजार टनांहून अधिक धान्य जळालं.

आवाज ८० किलोमीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. मुर्धा डॉकपासून सरळ रेषेत त्याच्या निम्म्यावर. एप्रिल म्हणजे मिठागरांचा ऐन हंगाम, माणसं दिवसभर उघड्यावर. आवाज इथवर यायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती, बातमीला मात्र होती. बाहेरच्या जगाला सविस्तर वृत्त पहिल्यांदा दिलं ते जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. इथल्या वार्ताहरांना बातमी पाठवायची परवानगी मिळाली मेच्या दुसऱ्या आठवड्यात. आपलं शहर कशाने जळालं, हे शत्रूच्या तोंडून कळावं, याहून मोठा प्रचाराचा पराभव कोणता?

पाकिस्तानशी झालेल्या डिसेंबर १९७१ च्या युद्धात मुंबई अंधारात गेली. काचांना काळे कागद लागले, गाड्यांचे दिवे अर्धे रंगवले गेले. पण तो अंधार लोकांनी आपला मानून पाळला, कारण सरकार आपलं होतं आणि युद्ध कशासाठी आहे हे ठाऊक होतं.

२०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात ७ मे रोजी नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्याच्या यादीत ठाण्याचं नाव होतं. पुढच्या दोन रात्रींत काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या दिल्या. हवाई हल्ल्याचा भोंगा कार्यक्रमात वाजवू नका, असं सरकारला वाहिन्यांना सांगावं लागलं. भोंगा करमणुकीला वाजू लागला, की खऱ्या वेळी माणूस सावध होत नाही. १९४४ मध्ये बातमी दाबली गेली, २०२५ मध्ये ती फुगवली गेली. दोन्ही वेळा अंधारात राहिला तो सामान्य माणूस.

युद्धकाळात सैन्याच्या हालचाली गुप्त ठेवाव्याच लागतात, त्याबद्दल वाद नाही. पण किती माणसं मेली, धान्य किती उरलं, धोका कुठे आहे, हे लोकांपासून लपवून कुठल्याही युद्धात त्यांचा विश्वास जिंकता येत नाही. रांगेत उभं राहणं, दिवे मालवणं, पोटाला चिमटा घेणं हे सगळं जनता करते. धान्याच्या कोट्याइतकाच खऱ्या बातमीवरही तिचा हक्क आहे, आणि तो तिने प्रत्येक वेळी ठासून मागितला पाहिजे.