ड्रॅगन, वृत्र आणि घोरपड

इंग्रजी क्रमिक पुस्तकात ‘ड्रॅगन’ हा शब्द आला की आपण शिक्षक त्याचा अर्थ कधी अजगर, कधी पंखांचा सर्प, तर कधी राक्षस असा सांगून मोकळे होतो. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच केले. परंतु शब्दाच्या अर्थाबरोबर एखाद्या प्राण्याविषयीची भीतीही मुलांच्या मनात रुजत असते. म्हणून या शब्दाची थोडी चिकित्सा करणे अगत्याचे वाटते.

मूळ ग्रीक ‘द्राकोन’ म्हणजे मोठा सर्प. पंख, पाय आणि मुखातून निघणाऱ्या ज्वाळा यांनी युक्त असे त्याचे परिचित रूप युरोपात मध्ययुगात सिद्ध झाले. नॉर्स कथेतील फाफनिर सुवर्णराशीवर बसून असतो व सिगुर्द त्याचा वध करतो. आपल्या ऋग्वेदातील वृत्रही ‘अहि’च, तो मात्र सोने नव्हे, जल अडवून बसतो आणि इंद्राच्या वज्राने ते मुक्त होते. याउलट चीनमधील ‘लुंग’ हा पर्जन्य देणारा, मंगल व सम्राटाचे चिन्ह ठरलेला. एकाच नावाखाली आपण किती भिन्न कल्पना कोंबतो, हे यावरून दिसेल.

या कल्पनेचा उगम एखाद्या खऱ्या सरड्यात असावा काय? इंडोनेशियातील कोमोडो बेटावरचा महाकाय सरडा सुमारे ३ मीटर लांब व ७० किलोग्रॅम वजनाचा होऊ शकतो. त्याला पाहून तसे वाटणे साहजिक आहे. परंतु ओवेन्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते १९१२ साली. युरोपातील ड्रॅगनकथा त्याच्या कितीतरी शतके आधीच्या. अर्थात सरड्यावरून कथा निघाली नाही, कथेवरून सरड्याला नाव मिळाले. लिनीअसनेही १७५८ साली उडत्या सरड्यांना ‘ड्रॅको’ हेच नाव दिले. त्यांपैकी एक जाती गोव्यातील कुळागरांतही आढळते. लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेल्या पडद्याच्या आधाराने हा वीतभर जीव एका पोफळीवरून दुसरीवर तरंगत जातो आणि मुंग्या खाऊन राहतो. भयंकर नावाचा एवढा निरुपद्रवी धनी विरळाच!

कथांना खतपाणी घातले ते बहुधा अस्थींनी. ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट नगरात चौदाव्या शतकात सापडलेली एक कवटी ड्रॅगनची म्हणून जपली गेली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथील पुतळ्याचे मस्तक तिच्यावरूनच घडवले. पुढे ती कवटी हिमयुगातील लोकरी गेंड्याची ठरली.

आपल्याकडे कोमोडोच्या सरड्याची सगोत्र म्हणजे घोरपड. दोघेही ‘व्हॅरनस’ या एकाच प्रजातीतील. घोरपड उंदीर, कीटक, अंडी खाते आणि शेतकऱ्याच्या उपयोगीच पडते. तरीही तिच्या पिल्लाला ‘बिसखापरा’ म्हणून अतिविषारी मानण्याची समजूत हिंदी प्रदेशात आहे; इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना ती परिचित असेल. मांस, तेल व कातडी यांसाठी तिची हत्या होते. एवढेच नव्हे, ‘हत्ताजोडी’ नामक वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जाणारी वस्तू ही नर घोरपडीचे सुकवलेले जननेंद्रिय असते, हे २०१७ साली उघडकीस आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण दिले आहे. पण भाविकाच्या देव्हाऱ्यापर्यंत कायद्याचा हात सहसा पोचत नाही. तिकडे कोमोडोचा सरडाही २०२१ पासून जागतिक सूचीत संकटग्रस्त गणला गेला आहे.

तेव्हा ‘ड्रॅगन’ हा शब्द मराठीत तसाच ठेवावा आणि कथा ज्या देशाची असेल तेथील त्याचे रूप व स्वभाव मुलांना सांगावे, असे आमचे मत आहे. त्याच तासाला घोरपडीचे चित्रही फळ्यावर काढावे. कथेतील राक्षस कथेत राहिला म्हणजे बांधावरच्या गरीब प्राण्यावर काठी उगारण्यापूर्वी एखादा विद्यार्थी तरी थांबेल.