अश्वगंधा आणि अफूचे व्यसन : गैरसमज व वस्तुस्थिती

माळव्यातील नीमच आणि मंदसौर या जिल्ह्यांत, जेथे सरकारी परवानाधारक शेतकरी अफूच्या बोंडांना चिरा देऊन पाझरलेला चीक खरवडतो व खात्याच्या काट्यावर जमा करतो, तेथेच अश्वगंधेच्या मुळ्यांचाही मोठा व्यापार चालतो. एकाच मुलखातील या दोन वनस्पतींची प्रयोगशाळेतही गाठ पडली. चंडीगडच्या एस. के. कुलकर्णी यांनी एका सहकाऱ्यासह १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या त्या संशोधनाचा हवाला देऊन ‘अश्वगंधेने अफूचे व्यसन सुटते’ असे आज छातीठोकपणे सांगितले जाते.

त्या प्रयोगात प्रत्यक्ष काय घडले ते पाहावे. उंदराच्या शेपटीला उष्णतेचा चटका बसताच तो ती झटकन बाजूला घेतो. अफूतील मॉर्फिन दिल्यास त्याला वेळ लागतो, परंतु तेच रोज देत गेल्यास ते अंगवळणी पडते आणि वेदनाशमनाचा गुण ओसरू लागतो. ज्या उंदरांना नऊ दिवस मॉर्फिनबरोबर, दर किलो वजनामागे १०० मिलिग्रॅम या प्रमाणात, अश्वगंधेचा अर्क मिळाला, त्यांच्यात हे ओसरणे कमी झाले. आणि दहाव्या दिवशी मॉर्फिनला त्याच्या जागेवरून हुसकावणारे नॅलोक्झोन टोचल्यावर अवलंबी उंदीर ज्या अनावर उड्या मारतात, त्याही कमी झाल्या. अर्क मॉर्फिनच्या सोबतीने दिला होता, ही गोष्ट येथे निर्णायक आहे. अवलंबित्व जडण्यास त्याने अटकाव केला. वर्षानुवर्षे जडलेले अवलंबित्व त्याने सोडवले, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. शिवाय उंदराची उडी हे शारीरिक अवलंबित्वाचे लक्षण आहे, व्यसनाचे नव्हे. वैद्यकीय देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्या कर्करोग्याच्या शरीरालाही ते लागते, म्हणून तो व्यसनी ठरत नाही.

या उड्यांपाशी मात्र मला अधिक थांबावेसे वाटते. अफू तुटल्यावर तळमळणाऱ्या माणसाला ‘मनाचा दुबळा’ म्हणून हिणवण्याची आपल्या घराघरांत रीत आहे. परंतु ज्या प्राण्याला अब्रू नाही, संगत नाही, निग्रहाचा अभिमानही नाही, तोही जर मॉर्फिन तुटताच तसाच तळमळतो, तर ती यातना मज्जासंस्थेत झालेल्या बदलाची आहे, चारित्र्याच्या उणिवेची नव्हे, हे कबूल करणे भाग आहे.

वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, हाही भ्रमच. अफू तरी वनस्पतीचाच चीक आहे. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली.

ज्यांचा माणसांवर खरोखर कस लागला आहे, ती औषधे म्हणजे मेथाडोन आणि जिभेखाली ठेवावयाची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. तीही अफूच्याच वर्गातील असल्याने ‘एक व्यसन सोडून दुसरे लावले’ अशी तक्रार होते. वास्तविक त्यांचा परिणाम संथ व दीर्घकाळ टिकणारा असल्याने तलफ आवरते आणि मृत्यूचे प्रमाण घटते. उलट, केवळ एखाद्या चूर्णाच्या भरवशावर काही आठवडे अफू सोडलेला माणूस पुन्हा जुन्याच मात्रेकडे वळला, तर शरीराची ती सवय तोवर ओसरलेली असते, आणि एके काळी पचलेली तीच मात्रा त्याचा श्वास थांबवू शकते.