बोटीचा पंखा कसा निवडावा?

२७ जुलै २०१९ची सकाळ. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दरम्यान अडकून पडली होती. उल्हास नदीचे पाणी रुळांवर चढले होते आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी दिसत होते. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते. त्यांत लहान मुले होती, म्हातारी माणसे होती, गरोदर स्त्रियाही होत्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि नौदल यांची पथके रबरी बोटी घेऊन आली, आसपासचे गावकरीही मदतीला धावले आणि दिवस मावळायच्या आत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या लोकांना पूर नवा नाही. २६ जुलै २००५चा पूर अनेकांना अजून आठवतो. पुराच्या बातम्यांत बोटी दिसतात, त्यांतली माणसे दिसतात. बोटीला पुढे ढकलणारा पंखा मात्र पाण्याखाली असल्याने कोणाच्या नजरेस पडत नाही. या लेखात आपण त्या पंख्याकडे, म्हणजेच प्रोपेलरकडे, पाहू या. एकाच इंजिनाला वेगवेगळे पंखे बसवता येतात. त्यांतला योग्य पंखा कोणता, हे कसे ठरवायचे?

हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या ठिकाणीही पडतो. पायांना फळ्या बांधून, दोर धरून, वेगवान बोटीच्या मागे पाण्यावरून घसरत जाण्याचा एक खेळ आहे. त्याला वॉटर स्कीइंग म्हणतात. तो खेळणारा माणूस सुरुवातीला गळ्यापर्यंत पाण्यात असतो. बोटीने एका हिसक्यात त्याला वर उचलावे लागते. पुढे बोट किती वेगाने धावेल हा प्रश्न नंतरचा. थांबलेल्या अवस्थेतून जड ओझे ओढण्याची ताकद तिच्यात आहे का, हे आधी पाहावे लागते. दहा माणसांनी भरलेल्या बचाव-बोटीची गरजही हीच असते.

पाणी मागे, बोट पुढे

पंखा पाणी मागे ढकलतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पाणी पंख्याला पुढे ढकलते. एवढे आपण वर्गात सांगतोच. पण त्याच्या पुढचा भाग अधिक मनोरंजक आहे. हा रेटा म्हणजे दर सेकंदाला मागे फेकलेल्या पाण्याचे वस्तुमान गुणिले त्या पाण्याला दिलेला वेग. समजा, थांबलेल्या बोटीला आपल्याला १००० न्यूटन रेटा हवा आहे. दर सेकंदाला १०० किलोग्रॅम पाणी १० मीटर प्रति सेकंद वेगाने फेकले तरी तो मिळतो आणि २०० किलोग्रॅम पाणी ५ मीटर प्रति सेकंद वेगाने फेकले तरीही मिळतो. आता पाण्याबरोबर निघून जाणारी गतिज ऊर्जा काढा. पहिल्या रीतीत ती दर सेकंदाला ५००० जूल आहे, तर दुसऱ्या रीतीत फक्त २५०० जूल. रेटा तोच, पण खर्च निम्मा!

म्हणजे थोडे पाणी जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी सावकाश ढकलणे फायद्याचे. म्हणून ओझे ओढण्यासाठी शक्य तितक्या मोठ्या व्यासाचा पंखा चांगला. अर्थात इंजिनाच्या खालच्या भागात जागा मर्यादित असते आणि व्यास बहुधा इंजिन बनवणाराच ठरवून देतो. मग वापरणाऱ्याच्या हाती उरते ती मुख्यतः दुसरी गोष्ट: पिच.

पिच म्हणजे काय?

लाकडात स्क्रू फिरवला की तो एका फेऱ्यात दोन आट्यांमधल्या अंतराएवढा आत जातो. पाणी लाकडासारखे घट्ट असते, तर पंखाही एका फेऱ्यात असाच ठरावीक अंतर पुढे गेला असता. या अंतराला पंख्याचे पिच म्हणतात. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. ते ११ × १३ असे असतील, तर पंख्याचा व्यास ११ इंच आणि पिच १३ इंच असे समजावे.

पंख्याचा स्क्रूशी असलेला हा संबंध केवळ उपमेपुरता नाही. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी १८३६ साली ज्या साधनाचे पेटंट घेतले, तो खरोखरच लांबलचक स्क्रू होता. पुढल्या वर्षी कालव्यातल्या चाचणीत त्यांच्या लाकडी स्क्रूचा निम्मा भाग मोडून पडला आणि बोट चक्क जास्त वेगाने धावू लागली! लांब स्क्रूची गरज नाही, थोडासा तुकडा पुरतो, हे त्या मोडतोडीने शिकवले. आजच्या पंख्याचे प्रत्येक पाते म्हणजे अशा स्क्रूचा एक छोटा तुकडाच आहे.

पाणी घट्ट नसल्यामुळे पंखा थोडा घसरतो. एका फेऱ्यात १३ इंच जाण्याऐवजी तो समजा साडेदहा इंचच जातो. या फरकाला स्लिप म्हणतात. चांगल्या जुळलेल्या, वेगात चाललेल्या बोटीत ही स्लिप साधारण १० ते २० टक्के असते. ती शून्य असावी असे वाटेल. पण स्लिप शून्य असेल तर पाणी मागे ढकललेच जाणार नाही आणि रेटाही मिळणार नाही.

एक हिशोब करून पाहू. इंजिन मिनिटाला ५४०० फेरे घेत आहे आणि मधल्या दातेरी चक्रांमुळे पंखा त्याच्या निम्मे, म्हणजे २७०० फेरे घेत आहे. पिच १३ इंच म्हणजे ०.३३ मीटर. एका मिनिटात पंखा ८९१ मीटर जायला हवा. म्हणजे ताशी सुमारे ५३ किलोमीटर. स्लिप २० टक्के धरली तर बोटीचा वेग ताशी सुमारे ४३ किलोमीटर होईल.

एकच गिअर असलेली गाडी

मग जास्त पिचचा पंखा बसवला की बोट जास्त वेगाने जाईल, असे वाटणे साहजिक आहे. पण ते नेहमी खरे ठरत नाही. नेरळहून माथेरानचा घाट चढणारी मोटार आठवा. चालक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढवतो. टॉप गिअर टाकला तर इंजिन धापा टाकते आणि बंद पडते. साध्या मोटार-बोटीला मात्र पुढे जाण्याचा एकच गिअर असतो आणि तो कोणता असावा हे पंख्याचे पिच ठरवते. जास्त पिच म्हणजे टॉप गिअर, कमी पिच म्हणजे खालचा गिअर. एकदा पाण्यात उतरल्यावर तो बदलता येत नाही.

इंजिनाची शक्ती म्हणजे त्याचे पीळबल गुणिले कोनीय वेग. त्यामुळे ४० अश्वशक्तीचे इंजिन सर्व वेगांना ४० अश्वशक्ती देत नाही. ती पूर्ण शक्ती ठरावीक फेऱ्यांनाच मिळते. बनवणारा हा पल्ला पुस्तिकेत देतो; समजा, तो मिनिटाला ५००० ते ५५०० फेरे आहे. यातूनच पंखा निवडण्याचा मूळ नियम निघतो: बोटीत नेहमीचे ओझे भरून, इंजिन पूर्ण जोरावर चालवले असता फेरे या पल्ल्यात आले पाहिजेत.

फेरे पल्ल्यापेक्षा कमी पडले तर पिच जास्त आहे. इंजिन दबून चालते, तापते, त्याचे आयुष्य घटते आणि पूर्ण शक्तीही मिळत नाही. फेरे पल्ल्याच्या वर गेले तर पिच कमी आहे आणि इंजिन वाजवीपेक्षा जास्त पळते. पिच एक इंचाने कमी केले तर फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात, असा ढोबळ हिशोब आहे.

आता आपल्या बोटीचे उदाहरण पुढे नेऊ. १३ इंच पिचच्या पंख्याने ती रिकामी असताना ५४०० फेरे घेत होती. म्हणजे सगळे ठीक. तिच्यात दहा माणसे बसवली. बोट पाण्यात खोल बसली, तिचे नाक वर उचलले गेले आणि पाण्यावरून घसरत जाण्याऐवजी ती पाणी नांगरू लागली. फेरे ४७०० वर आले. पिच दोन इंचांनी कमी करून ११ इंचांचा पंखा लावला तर फेरे सुमारे ५०५० होतील आणि बोट पुन्हा पूर्ण शक्तीने चालेल. स्कीच्या बोटीसाठीही म्हणूनच नेहमीपेक्षा एक-दोन इंच कमी पिच निवडतात.

पण हाच ११ इंची पंखा रिकाम्या बोटीवर ५७५० फेरे देईल. हे पल्ल्याच्या बाहेर नाही का? आहे. पण जास्त झालेले फेरे चालकाला हात आवरून कमी करता येतात. कमी पडलेले फेरे वाढवण्यासाठी त्याच्याकडे काहीच नसते. त्यामुळे शंका असेल तेव्हा निवड भरलेल्या बोटीकडे पाहूनच करावी.

पाती, धातू आणि बुडबुडे

बहुतेक पंख्यांना तीन पाती असतात. चार पात्यांचा पंखा सुरुवातीला पाणी अधिक घट्ट पकडतो, वळताना कमी सुटतो, मात्र सर्वोच्च वेगात किंचित मागे पडतो. ओझे ओढणाऱ्यांना तो आवडतो यात नवल नाही.

धातूची निवडही विचार करण्यासारखी आहे. पोलादी पाती पातळ करता येतात आणि वाकत नाहीत, त्यामुळे वेगासाठी ती सरस. ॲल्युमिनिअमचा पंखा स्वस्त आणि मऊ असतो. पुराच्या गढूळ पाण्याखाली कुंपण आहे, दगड आहे की बुडालेली रिक्षा, हे दिसत नाही. अशा ठिकाणी ॲल्युमिनिअमचे पाते आपण वाकते आणि बऱ्याचदा आतली दातेरी चक्रे वाचवते. जादा पंखा जवळ असला की बदलता येतो. उल्हास नदीत जलपर्णी आहे, प्लास्टिक आहे. मागे झुकलेल्या पात्यांवरून अशा गोष्टी काही प्रमाणात निसटतात. तरीही इंजिन थांबवून पंखा साफ करण्याची वेळ येतेच.

कधी कधी इंजिन एकदम किंचाळते, फेरे वाढतात, पण बोट पुढे जात नाही. पंखा पृष्ठभागाजवळ असेल तर तो वरची हवा आत ओढतो आणि पाण्याऐवजी फेस ढकलतो. अशा वेळी इंजिन थोडे खाली बसवावे लागते. दुसरा प्रकार कॅव्हिटेशनचा. वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या पुढच्या बाजूला दाब इतका कमी होतो, की पाणी थंड असतानाच उकळते! उंच डोंगरावर पाणी शंभर अंशांच्या आत उकळते, त्याच तत्त्वाचे हे टोक. वाफेचे हे बुडबुडे पुढे फुटतात आणि धातूवर खड्डे पाडतात.

वर्गात करण्यासारखे

एक डबा घ्या. त्याच्या परिघाएवढा पाया आणि १२ सेंटिमीटर उंची असलेला काटकोन त्रिकोण कागदातून कापा आणि डब्याभोवती गुंडाळा. कर्णाची रेषा डब्यावर एक वेढा घेऊन १२ सेंटिमीटर वर चढेल. हे झाले पिच. आता याच उंचीचा त्रिकोण निम्म्या परिघाच्या डब्याला गुंडाळा. पिच तेच, पण चढ अधिक खडा दिसेल. पंख्याचे पाते मध्याजवळ खडे आणि टोकाकडे सपाट होत का जाते, हे विद्यार्थ्यांना लगेच कळेल.

नंतर टेबल फॅनची पिन काढून ठेवा आणि जाळी उघडा. मध्यापासून १५ सेंटिमीटरवर पात्याचा कोन मोजा. तो २० अंश आला तर पिच = २ × ३.१४ × १५ × टॅन २०°, म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर. त्रिकोणमिती कशाला शिकायची, या प्रश्नाचे एक उत्तर असेही देता येईल.

पंख्याच्या मर्यादा

शेवटी दोन गोष्टी. पाण्यात माणूस जवळ असेल तर कोणताही पंखा धोक्याचाच. त्याला बोटीत घेताना इंजिन बंद करतात आणि गरज पडली तर वल्ही मारतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पंखा रेटा देतो, तरंगण्याची क्षमता देत नाही. महालक्ष्मीच्या घटनेनंतर दोनच आठवड्यांच्या आत, ८ ऑगस्ट २०१९ रोजी, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटली आणि अनेक जीव गेले. बोट किती माणसे पेलेल, हे आर्किमिडीजचा नियम ठरवतो. ती माणसे घेऊन प्रवाहातून पुढे जाईल का, हे न्यूटनचा. दोन्हींची परीक्षा पूर येण्याआधी, उन्हाळ्यातच घेतली पाहिजे. एखाद्या गावाने बोट घेतली तर ती रिकामी पळवून तिचा वेग पाहण्यात अर्थ नाही. ठरलेल्या माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती तिच्यात भरावीत, इंजिन पूर्ण जोरावर चालवावे आणि फेरे मोजावेत. आकडा कमी आला, तर पंखा बदलायला तेव्हा वेळ असतो.