बिलातली अमानत

सातवीच्या मुलांना शेकडेवारीची उदाहरणे सोडवता येतात. पण दुकानातले बिल हाती दिले की ‘सीजीएसटी’, ‘एसजीएसटी’ या ओळींपाशी ती अडतात. “हा टॅक्स दुकानदाराला मिळतो ना?” असे विचारतात. म्हणून आम्ही त्यांना घरचे एखादे बिल आणायला सांगतो आणि धडा तिथूनच सुरू करतो.

फळ्यावर आम्ही एक पंखा विकायला काढतो. कारखान्याने तो दुकानदाराला १,००० रुपयांना दिला. पंख्यावर जीएसटी १८ टक्के, म्हणून वर १८० रुपये कर. दुकानदाराने तो अम्मीला १,५०० रुपयांना विकला. वर कर २७० रुपये. अम्मीने दिले १,७७०. आता दुकानदाराने सरकारला किती भरायचे? मुले म्हणतात, २७०. पण १८० रुपये त्याने कारखान्याला आधीच दिलेले आहेत. ते वजा करून तो ९० भरतो. कारखाना १८० भरतो. बेरीज २७०. भरणारे दोघे, भार मात्र एकट्या अम्मीवर! राज्यातल्या राज्यातच विक्री झाली, तर यातले १३५ केंद्राचे आणि १३५ राज्याचे.

म्हणजे ती रक्कम दुकानदाराच्या गल्ल्यात असली तरी त्याची नाही. ती अमानत आहे. शेजाऱ्याने गावी पोहोचवायला दिलेले पैसे आपले होतात का? कायदाही हेच सांगतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ७६ प्रमाणे, कर म्हणून गिऱ्हाइकाकडून घेतलेली रक्कम सरकारजमा करावीच लागते.

“सर, जकात नाका म्हणजे काय?” हा प्रश्नही येतो. मराठीत शहरात येणाऱ्या मालावरील महापालिकेच्या कराला जकात म्हणत. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची ती जकात बंद झाली. आपली जकात वेगळी. ती साहिबे-निसाबाने आपल्या मालातून द्यायचा फर्ज आहे. जीएसटी मात्र खरेदी करणारा प्रत्येक जण देतो, गरीबसुद्धा. म्हणूनच तो वाटेत गहाळ होता कामा नये.

पालकांनी घरी मुलांकडून तीन गोष्टी करून घ्याव्यात.

बिलावरचा जीएसटी क्रमांक शोधावा. तो १५ अंक-अक्षरांचा असतो. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. बिलात कर लावला आहे आणि क्रमांकच नाही, तर विचारावे. नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदाराला आणि कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही.

छापील एमआरपीत कर धरलेलाच असतो, हे सांगावे. मग कोडे घालावे: १८ टक्के करासह किंमत ११८ रुपये, तर कर किती? पुष्कळ मुले ११८ चे १८ टक्के काढतात. बरोबर उत्तर १८ रुपये.

वह्या-पेन्सिलींचे बिलही पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांवर कर नाही.

राहिला प्रश्न “बिल नको असेल तर स्वस्तात देतो” याचा. पंखा महिन्याभरात बिघडला तर बिलाशिवाय दाद कुठे मागणार? आणि शेजारी उभे असलेले मूल काय शिकणार? अब्बांनी त्या वेळी “बिल द्या” एवढे म्हटले, तरी आमचा निम्मा धडा झाला.