उमराहला निघताना मोबाईल डेटाचे काय? रोमिंग पॅक, सौदी सिम की ई-सिम

उमराहची तारीख ठरली की घरात यादी सुरू होते. पासपोर्ट, व्हिसा, एहराम, चपला, अब्बूंच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या, दुआंची किताब. मोबाईलचा विषय मात्र बहुतेक घरांत विमानतळाच्या वाटेवर निघतो. "अरे, तिथं फोन चालेल ना?" असं कुणीतरी विचारतं आणि मग घाईघाईत मिळेल तो पॅक मारला जातो.

पूर्वी यात फारसं बिघडत नसे. ग्रुपचा माणूस सगळं बघायचा आणि घरी खुशाली कळवायला आठवड्यातून एक फोन पुरायचा. आता तसं राहिलेलं नाही. मदिन्यात रियाजुल जन्नतमध्ये नमाज पढायची असेल तर नुसुक अ‍ॅपवर वेळ घेऊन परवाना काढावा लागतो. टॅक्सी अ‍ॅपवर बोलवायची, मक्का ते मदिना हरमैन रेल्वेचं तिकीट मोबाईलवर, बँकेच्या कार्डाचा ओटीपी मोबाईलवर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तवाफच्या गर्दीत अम्मीचा हात सुटला तर त्यांना शोधायचं कसं? म्हणून हा प्रश्न चार पैसे वाचवण्यापुरता नाही. तो आधी, घरी बसून, शांतपणे सोडवायला हवा.

डेटा किती लागेल?

आधी गरज मोजा, पॅक नंतर बघा. नुसता व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, नकाशा आणि नुसुक यांना फारच थोडा डेटा लागतो. दिवसाला १०० ते २०० एमबीमध्ये आरामात भागतं. डेटा खातात ते व्हिडिओ. व्हिडिओ कॉलला मिनिटाला साधारण ५ एमबी धरा. रोज अर्धा तास नातवंडांशी बोलायचं म्हटलं तर १५० एमबी झाले, म्हणजे १५ दिवसांत सव्वादोन जीबी. यूट्यूब आणि रील्स बघायची सवय असेल तर मात्र हा हिशेब कोलमडतो.

आपल्याकडे रोज दीड-दोन जीबी मिळत असल्याने फोनच्या सवयी उधळ्या झालेल्या असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला प्रत्येक फोटो-व्हिडिओ आपोआप उतरतो, गुगल फोटोज बॅकअप घेत राहतं, अ‍ॅप्स अपडेट होत राहतात. निघण्याआधी हे तिन्ही "फक्त वायफायवर" करून ठेवा. एवढ्यानेच निम्मा खर्च वाचतो. हॉटेलात वायफाय बहुधा असतंच, जड कामं तिथं उरका.

पहिला पर्याय: भारतीय नंबरवर रोमिंग पॅक

जिओ, एअरटेल, व्ही आणि बीएसएनएल या कंपन्यांचे परदेशी रोमिंग पॅक असतात. सर्वात सोपं काम हेच. सिम बदलायचं नाही, नंबर तोच राहतो, जेद्दाहला उतरून फोन चालू केला की झालं. ज्यांना फोनच्या सेटिंगमध्ये हात घालायची भीती वाटते अशा बुजुर्गांसाठी हा पर्याय उत्तम.

पण प्रति जीबी भाव बघितला तर बहुतेक वेळा हाच महाग पडतो. घेताना चार गोष्टी तपासा. सौदी अरेबिया त्या पॅकच्या देशांच्या यादीत आहे का? पॅकचे दिवस कधीपासून मोजतात, रिचार्ज केल्यापासून की तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून? डेटा संपल्यावर नेट बंद होतं की जादा दराने चालू राहतं? आणि कॉलची मिनिटं असतील तर त्यात सौदीतले लोकल कॉल धरले आहेत का? टॅक्सीवाल्याला आणि हॉटेलला लोकल कॉलच करावा लागतो.

पोस्टपेडवाल्यांनी जास्त सांभाळावं. प्रीपेडमध्ये बॅलन्स संपला की गाडी थांबते, पोस्टपेडमध्ये बिल वाढत राहतं आणि ते घरी परतल्यावर कळतं.

दुसरा पर्याय: सौदी सिम

एसटीसी, मोबाईली आणि झैन या तिथल्या तीन मोठ्या कंपन्या. जेद्दाह आणि मदिना विमानतळावर त्यांचे काउंटर असतात, हरमच्या आसपास दुकानंही आहेत. पाहुण्यांसाठी वेगळे पॅक मिळतात आणि त्यांत डेटा भरपूर असतो. १०-१५ दिवस राहायचं असेल किंवा चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर हाच पर्याय सहसा किफायतशीर ठरतो. सौदी नंबर मिळतो, त्यामुळे टॅक्सी आणि हॉटेलवाल्यांशी बोलणंही सोपं होतं.

सिम घेताना पासपोर्ट लागतो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. इथं बुजुर्गांची एक अडचण होते. आयुष्यभर शेतात, मच्छीच्या कामात किंवा यंत्रमागावर राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि मशीन ठसा घेत नाही. त्यासाठी रांगेत अर्धा तास घालवू नका. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर सिम घेऊन त्याच फोनचा हॉटस्पॉट सगळ्यांनी वापरला तरी चालतं.

रस्त्यावर कुणी "ठशाशिवाय चालू सिम" देऊ केलं तर घेऊ नका. ते दुसऱ्याच्या नावावर असतं आणि कधीही बंद पडू शकतं. तसंच दुकानदार पुन्हा पुन्हा ठसा मागत असेल तर का, ते विचारा. आपल्या नावावर किती सिम चालू झाली हे आपल्याला माहीत असलं पाहिजे. भाव विचारताना १५ टक्के व्हॅट धरून सांगितला आहे का, तेही विचारून घ्या. आणि काउंटर सोडण्याआधी तिथंच नेट चालवून बघा.

तिसरा पर्याय: ई-सिम

ई-सिम म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवलेलं सिम. पैसे भरले की क्यूआर कोड येतो, तो स्कॅन करायचा. रांग नाही आणि भारतीय सिमही काढावं लागत नाही. पण आपला फोन ई-सिमचा आहे का ते आधी बघा. *#०६# डायल करा. आयएमईआयसोबत ईआयडी नावाचा लांब आकडा दिसला तर बहुधा ई-सिम चालतं. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सआर आणि एक्सएसपासून ही सोय आहे. अँड्रॉइडच्या स्वस्त फोनमध्ये मात्र अजूनही अनेकदा नसते.

उलटी अडचणही येते. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन १४ आणि त्यापुढचे फोन यांत सिमचा कप्पाच नाही. आयफोन १७ तर सौदी, यूएई, कुवेत, कतर, ओमानमध्येही तसाच विकला जातो. आखातातल्या भावाने किंवा जावयाने पाठवलेला फोन घरात असेल तर तो कुठला आहे ते पाहून घ्या. त्यात सौदीचं साधं सिम बसणारच नाही.

प्रवासी ई-सिमबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवा. बहुतेक ई-सिम फक्त डेटा देतात, सौदी नंबर देत नाहीत. आणि भारतात परदेशी सिम विकायला सरकारची परवानगी लागते. जानेवारी २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने परवानगी नसलेल्या दोन मोठ्या परदेशी ई-सिम अ‍ॅप्सवर बंदीची कारवाई केली होती. म्हणून कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या लिंकवरून ई-सिम घेऊ नका. क्यूआर कोड घरच्या वायफायवरच उतरवून ठेवा, कारण तो उतरवायलाच नेट लागतं. उतरवल्याबरोबर दिवस मोजायला सुरुवात होते का, हे मात्र आधी वाचा.

भारतीय सिम काढून ठेवू नका

सौदी सिम घेतलं की अनेकजण आपलं सिम काढून पाकिटात ठेवतात. मग कार्डाने पैसे देताना ओटीपी येत नाही आणि यूपीआयचं अ‍ॅपही पुन्हा पडताळणी मागतं. दोन सिमचा फोन असेल तर भारतीय सिम आतच राहू द्या, त्याचं डेटा रोमिंग तेवढं बंद करा. रोमिंगमध्ये ओटीपीचा मेसेज यायला सहसा पैसे लागत नाहीत. पण त्यासाठी नंबरवर परदेशी रोमिंगची सेवा निघण्याआधी चालू केलेली हवी आणि रिचार्जची मुदतही परतीच्या तारखेपुढची हवी. पॅक नसेल तर भारतीय नंबरवर आलेला कॉल उचलू नका, उचलल्याचेही मिनिटावर पैसे पडतात.

आयफोनमध्ये एका सिमचा डेटा अडखळला की आपोआप दुसऱ्यावर जाण्याची एक सेटिंग असते, ती बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपने "नंबर बदलायचा का?" विचारलं तर नाही म्हणा. जुन्याच नंबरवर ते चालत राहील.

व्हॉट्सअ‍ॅप कॉलच्या भरवशावर राहू नका

सौदीत इंटरनेट कॉलवरची सरसकट बंदी २०१७ मध्ये उठली, तरी व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल तिथं भरवशाचा राहिलेला नाही. कधी लागतो, कधी लागत नाही. मेसेज, फोटो आणि व्हॉइस नोट मात्र नीट जातात. म्हणून घरच्यांच्या फोनमध्ये गुगल मीट किंवा झूम आधीच टाकून एकदा वापरून दाखवा. आणि घरी सांगून ठेवा की व्हॉइस नोट आली म्हणजे सगळं खैरियत आहे. कॉल लागला नाही म्हणून घाबरायचं नाही. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा तिथं आठ वाजलेले असतात, हा अडीच तासांचा फरकही लक्षात असू द्या.

विमान दुबई, शारजा, मस्कत किंवा दोहामार्गे असेल तर सौदीचा पॅक मधल्या देशात चालेलच असं नाही. तिथं विमानतळाचं वायफाय वापरा. यूएईमध्ये व्हॉट्सअ‍ॅप कॉल बंद असतो हेही ध्यानात ठेवा. विमानात बसल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाकाच. काही विमानांत स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं, फोन त्याला आपोआप जोडला जातो आणि त्याचे दर जबर असतात.

कुणी काय घ्यावं?

नवरा-बायको दोघंच, ग्रुपसोबत, ८-१० दिवस: एकाला सौदी सिम किंवा ई-सिम आणि दुसऱ्याला छोटा रोमिंग पॅक. दोघांपैकी एकाचं नेटवर्क गेलं तरी दुसऱ्याचं चालू राहतं.

चार-पाच जणांचं कुटुंब: दोन सौदी सिम, एक पुरुषांकडे, एक महिलांकडे. मस्जिद-ए-नबवीत नमाजची जागा वेगळी असते आणि रियाजुल जन्नतची वेळही वेगळी मिळते. एकाच फोनच्या हॉटस्पॉटवर सगळं कुटुंब ठेवलं तर नेमकं गरजेच्या वेळी अर्ध्या घराचा संपर्क तुटतो.

एकटे बुजुर्ग: रोमिंग पॅकच घ्या, थोडा महाग पडला तरी. त्यांच्याकडे जिओफोन असेल तर मात्र त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही, हे आधी बघून घ्या.

हजला जाणाऱ्यांचा मुक्काम मोठा असतो. त्यांना सौदी सिमच परवडतं.

निघण्याआधी घरीच करायची कामं

- नुसुक अ‍ॅप टाकून पासपोर्ट आणि व्हिसाच्या तपशिलावर नोंदणी करा.
- मक्का, मदिना आणि जेद्दाहचा गुगल नकाशा ऑफलाइन उतरवा, ट्रान्सलेटमध्ये अरबी भाषाही.
- व्हिसा, तिकीट आणि हॉटेलच्या पत्त्याचे फोटो फोनमध्ये ठेवा. पत्ता अरबीतही असू द्या.
- घरचे सगळे नंबर +९१ लावून आणि तिथले +९६६ लावून सेव्ह करा.
- पॉवर बँक हातातल्या बॅगेत घ्या, सामानात टाकता येत नाही. एहरामला खिसा नसतो, म्हणून पट्ट्याला फोनचा कप्पा हवा.
- मक्का भागात तातडीच्या मदतीसाठी ९११ आणि अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ९९७ हे नंबर सर्वांना पाठ करायला सांगा.

आणि एक काम फोनशिवायचं. नेटवर्क कितीही चांगलं घेतलं तरी नमाज सुटल्यावर लाखोंच्या गर्दीत ते मंदावतं, बॅटरीही संपते. म्हणून हरमच्या दरवाजांवर नंबर असतात, त्यांतला एक पहिल्याच दिवशी ठरवा आणि घरातल्या सर्वांना तिथं उभं करून दाखवा. "हात सुटला तर इथंच यायचं, इथंच थांबायचं." अम्मीच्या गळ्यातल्या ओळखपत्रामागे हॉटेलचं नाव आणि दोन फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. कुणीही भला माणूस तेवढं वाचून फोन लावेल.

एवढं घरी करून निघालात की तिथं फोनकडे कमी आणि इबादतीकडे जास्त लक्ष राहील. तवाफ करताना व्हिडिओ कॉल लावण्यापेक्षा घरच्यांचं नाव घेऊन दुआ करा, ती पोहोचायला डेटा लागत नाही. अल्लाह आपणा सर्वांचा उमराह कबूल करो. आमीन.