वाढत्या अंगाचा सदरा

जून महिना जवळ आला की आपल्या वस्तीत घरोघरी एकच बोलणे ऐकू येते : "वाढत्या अंगाचा घ्या, दोन वर्षे जाईल." आम्हीही तेच केले. धाकट्याला गणवेशाचा शर्ट दोन नंबर मोठा घेतला. खांदे दंडावर उतरले, बाह्या कोपराखाली गेल्या. वर्गातली मुले त्याला 'बुजगावणे' म्हणू लागली आणि तिसऱ्या दिवशी पोराने शाळेत जायला साफ नकार दिला. चार पैसे वाचवायला गेलो आणि शाळाच बुडायची वेळ आली!

कोणीतरी सांगितले, उकळत्या पाण्यात टाका, आटेल. टाकला. शर्ट तसूभरही आटला नाही. उलट इस्त्रीलाही दाद न देणाऱ्या चुण्या पडल्या. तेव्हा कळले की आधी कापड ओळखावे, मग पाणी तापवावे.

सुती कापड आटते, कारण सूत कातताना आणि विणताना ताणलेले असते. गरम पाण्यात तो ताण सुटतो व कापड आकसते. कोरा सुती सदरा किंवा गंजी मोठी असेल तर ती उलटी करून अर्धा तास कडक गरम पाण्यात ठेवावी. रंग जात असेल तर वेगळी भिजवावी. दोरीवर टांगू नये, ओल्या वजनाने पुन्हा ताणते. बाजेवर पसरून वाळवावी. बहुधा रुंदीपेक्षा लांबी जास्त आटते, हे ध्यानात ठेवावे. अनेकदा धुतलेले किंवा गिरणीतच आटवलेले कापड मात्र फारसे आटत नाही. टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर असते, म्हणून आमचा शर्ट तसाच राहिला. लोकरी स्वेटर तर गरम पाण्यात घालून चोळूच नये. तो घट्ट गोळा होतो आणि पुन्हा सुटत नाही.

गणवेशाला खरा उपाय सुई-दोऱ्याचा. शर्ट उलटा करून मुलाला घालावा. दोन्ही बगलांखाली सारखे कापड चिमटीत धरून टाचण्या लावाव्यात. दोन्हीकडे एकेक इंच दाबले की घेर चार इंच कमी होतो. आधी कच्चा धावदोरा घालावा, मुलाला हात वर करायला लावावेत, बगलेत ओढत नसेल तरच पक्की टीप मारावी. बाह्या आणि खालचा घेर आत दुमडून शिवावा. स्कर्टचा हुक सरकवावा, हाफ पॅन्टच्या कमरेत मागे इलॅस्टिक घालावे. खांदा फारच उतरत असेल तर बाही उसवून पुन्हा बसवावी लागते. ते काम शिंप्याकडे द्यावे.

एक गोष्ट मात्र विसरू नका : आतले जादा कापड कापू नका. शिंपी त्याला 'माया' म्हणतात. मूल वाढले की टीप उसवून तीच माया सोडता येते. आटवलेला कपडा पुन्हा मोठा होत नाही, दाबलेला होतो.

आम्ही त्या रात्री बसून दोन्ही बगला दाबल्या, बाह्या दुमडल्या. सकाळी धाकट्याने आरशात दोनदा पाहिले आणि दप्तर उचलले. पुढच्या जूनमध्ये आम्ही एक टीप उसवली. शर्ट दोन वर्षे गेला आणि पोराची शाळाही सुटली नाही.

भगिनींनो, कपडा जुना असो, थोरल्याचा उतरलेला असो, तो मुलाच्या अंगाला नीट बसलेला असावा. त्यासाठी पैसे नाहीत, एक संध्याकाळ लागते.