स्टेंटवरचं औषध: पेशींनो, जरा दमानं!

अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनी मोकळी होते, पण तिच्या भिंतीला थोडी इजाही होते. भिंतीतल्या स्नायुपेशी लगेच डागडुजीला लागतात आणि थांबायचं नावच घेत नाहीत. वाहिनी पुन्हा अरुंद! या उत्साही पेशींना आवरणाऱ्या औषधांच्या काही नवलकथा.

फुगा आला, जाळी आली
१६ सप्टेंबर १९७७. झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा वाहिनी मोकळी करणारा फुगा फुगवला. पुढे दिसलं, की दहातल्या तीन-चार रुग्णांची वाहिनी काही महिन्यांतच पुन्हा आक्रसते. १९८६मध्ये धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, आला. भिंत सावरली, पेशी मात्र जाळीतूनही आत वाढल्या.

मातीतलं सोनं
१९६४मध्ये ईस्टर बेटावर गेलेल्या कॅनडाच्या पथकानं तिथली माती आणली. तिच्यातल्या जिवाणूपासून मॉन्ट्रियलमध्ये सिरोलिमस हाती लागलं. हवं होतं बुरशीवरचं औषध. निघालं पेशींच्या वाढीला वेसण घालणारं.

मुक्काम पोस्ट फ्रीजर
औषध शोधणाऱ्या कंपनीनं मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा तिथले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेन सेहगल यांनी हे औषध चक्क घरच्या फ्रीजरमध्ये जपलं. १९९९मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच डिसेंबरात साओ पावलोत सिरोलिमसचा लेप दिलेला स्टेंट रुग्णाच्या हृदयात बसला.

मारायचं नाही, थोपवायचं
पेशीतलं एमटॉर हे प्रथिन वाढीचा हुकूम सोडतं. सिरोलिमस त्याचंच तोंड बंद करतं. पेशी जगते, पण एकीच्या दोन होत नाही. मात्रा किती? सायफर या स्टेंटवर होती दर चौरस सेंटीमीटरला अवघी १४० मायक्रोग्रॅम!

झाडाची साल
स्टेंटवर आलेलं दुसरं औषध पॅक्लिटॅक्सेल. अमेरिकेतल्या पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतून ते मिळालं आणि कर्करोगावर गाजलं. पेशी विभागताना आतले सूक्ष्म तंतू जुळतात-सुटतात. हे औषध त्यांना सुटूच देत नाही.

खिशालाही दिलासा
फेब्रुवारी २०१७मध्ये भारतात औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली.

गोळ्या का चुकवू नयेत?
औषधाला आपपरभाव नाही. स्नायुपेशींबरोबर ते वाहिनीच्या आतल्या अस्तराची वाढही मंद करतं. अस्तर चढेपर्यंत धातू उघडा, आणि उघड्या धातूवर गुठळीचा धोका. म्हणून स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या कितीही बरं वाटलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.